नेबर 'फुल' आहे, मग रूट अडला कुठे? राउटिंगची अडचण शोधण्याची पायरीवार पद्धत

नेटवर्कच्या कामात नवा आलेला माणूस पहिल्या काही आठवड्यांतच एक वाक्य बोलतो: "नेबर अप आहे, पण रूट येत नाही." (नेबर म्हणजे शेजारचा राउटर, रूट म्हणजे एखाद्या नेटवर्ककडे जाणारी वाट.) मी ते एका रात्री अडीच वाजता फोनवर बोललो होतो. दोन राउटरमधली ओएसपीएफची (राउटरनी एकमेकांना वाटा सांगण्याच्या एका प्रोटोकॉलची) जोडणी 'फुल', म्हणजे पूर्ण जुळलेली, दाखवत होती, लिंकवर पिंग नीट जात होता, आणि पलीकडचं एकही नेटवर्क माझ्या टेबलात नव्हतं. त्याआधीचे चार तास मी केबल, एरिया, पासवर्ड हेच उलटसुलट तपासत होतो. चूक एका ओळीची होती. राउटर ती सांगतही होता, पण मी बघत होतो त्या आउटपुटमध्ये नाही.

त्या रात्री मला जे माहीत असायला हवं होतं, ते इथे लिहितो. रूट हवेत विरून जात नाही. तो एकामागून एक पाच दारं ओलांडून येतो आणि दिसत नसेल तर त्यातल्या कुठल्या तरी एका दाराशी अडलेला असतो.

पहिलं दार पाठवणाऱ्याचं: शेजारचा राउटर तो रूट आपल्याला जाहीर करतो का? दुसरं स्वीकारण्याचं: आपला राउटर तो ऐकून प्रोटोकॉलच्या स्वतःच्या यादीत, म्हणजे ओएसपीएफच्या डेटाबेसमध्ये किंवा बीजीपीच्या (वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कांमध्ये रूट सांगणाऱ्या प्रोटोकॉलच्या) टेबलात, ठेवतो का? तिसरं निवडीचं: त्या प्रोटोकॉलच्या हिशेबात तो वापरण्याजोगा आणि सर्वांत चांगला ठरतो का? चौथं राउटिंग टेबलाचं: बाकीच्या प्रोटोकॉलशी झालेल्या चढाओढीत तो जिंकतो का? पाचवं फॉरवर्डिंग टेबलाचं: पॅकेट प्रत्यक्ष ज्या टेबलावरून पुढे ढकलली जातात, त्यात तो उतरतो का? राउटिंग टेबलाला आरआयबी म्हणतात, फॉरवर्डिंग टेबलाला एफआयबी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पहिल्याच दिवशी डोक्यात बसलं, तर पुढचे कितीतरी तास वाचतात.

कमांडची नावं मी सिस्कोच्या धाटणीची दिली आहेत, कारण एफआरआर (लिनक्सवर चालणारं मोफत राउटिंग सॉफ्टवेअर) आणि अरिस्टा कंपनीच्या राउटरवरही ती जवळपास तशीच चालतात. ज्युनिपर किंवा लिनक्सवर फरक असेल तिथे तसं सांगितलं आहे.

हाताशी काय हवं

- दोन्ही टोकांच्या राउटरवर लॉगिन. नुसतं बघण्याचे अधिकार असले तरी चालतील. एकाच टोकाचा ॲक्सेस घेऊन बसलात, तर निम्मे प्रश्न अंदाजाने सोडवावे लागतील.
- कन्सोल किंवा वेगळ्या मॅनेजमेंट नेटवर्कमधून आत शिरायची सोय. ज्या रूटवरून लॉगिन केलंय तोच बदलताना तुटला, की बाहेर राहिलात.
- नेटवर्कचा आराखडा: कोणता इंटरफेस कुठे जातो, कोणता राउटर कोणत्या एरियात (ओएसपीएफच्या विभागात) किंवा कोणत्या एएसमध्ये (एकाच संस्थेच्या ताब्यातल्या, बीजीपीत स्वतःचा क्रमांक असलेल्या नेटवर्कमध्ये) आहे.
- आजचं कॉन्फिगरेशन आणि शेवटी सगळं नीट चालत होतं त्या दिवसाचा बॅकअप. दोन्ही फाइलींमधला फरक आधी बघा.
- लॉग, आणि सगळ्या राउटरची घड्याळं एनटीपीने जुळलेली.
- लिंकवरची पॅकेट पकडून बघायला वायरशार्क किंवा टीसीपीडम्प.
- सरावासाठी प्रयोगशाळा. एका लॅपटॉपवर लिनक्स आणि एफआरआर घेऊन चार-पाच राउटर उभे करता येतात. खाली लिहिलेली प्रत्येक चूक तिथे मुद्दाम एकदा करून बघा.

१. प्रश्न एका ओळीत लिहा

"नेटवर्क चालत नाही" हा शोधण्याजोगा प्रश्न नाही. "राउटर ब वर १०.२०.०.०/१६ हा रूट ओएसपीएफमधून राउटर अ कडून यायला हवा, तो टेबलात नाही" हा आहे. यात चार गोष्टी येतात: कोणता राउटर, कोणता प्रीफिक्स, म्हणजे नेटवर्कचा पत्ता (मास्कसकट, म्हणजे पत्त्याचे किती बिट नेटवर्कचे हे सांगणाऱ्या /१६ सारख्या आकड्यासकट), कोणता प्रोटोकॉल, कोणाकडून. यातली एक जरी माहीत नसेल तर आधी ती शोधा. मास्क तर कधीच गाळू नका. राउटरच्या दृष्टीने १०.२०.०.०/१६ आणि १०.२०.०.०/२४ हे दोन निराळे रूट आहेत.

आणि या टप्प्यावर काहीही बदलू नका. बीजीपीची सगळी सेशन एका फटक्यात 'क्लिअर' करण्याचा मोह इथेच होतो. त्याने अडचण क्वचित सुटते. पुरावा मात्र हमखास पुसला जातो, आणि चालू असलेली सेशनही पडतात.

२. टेबलातली ओळ पूर्ण वाचा

'शो आयपी रूट' दिल्यावर अशी ओळ दिसते:

ओ ई२ १०.२०.०.०/१६ [११०/२०] व्हाया १९२.०.२.९, ००:००:१४, गिगाबिटइथरनेट०/१

बहुतेक जण प्रीफिक्स बघतात आणि पुढे जातात. ही ओळ शब्दशब्द वाचा. 'ओ ई२' म्हणजे हा ओएसपीएफमध्ये बाहेरून, दुसऱ्या कुठल्या तरी उगमाकडून आणून सोडलेला रूट आहे. चौकोनी कंसातला पहिला आकडा ११० म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (कोणत्या प्रोटोकॉलवर किती भरवसा; आकडा लहान तेवढा भरवसा जास्त), दुसरा २० म्हणजे मेट्रिक (त्या वाटेची किंमत). मग नेक्स्ट हॉप, म्हणजे पॅकेट ज्याच्याकडे द्यायची त्या पुढच्या राउटरचा पत्ता. आणि त्यानंतरचा काळ: चौदा सेकंद. इथे थांबा. महिनोन्‌महिने कुणी हात न लावलेल्या नेटवर्कात रूटचं वय चौदा सेकंद असेल, तर तो नुकताच जाऊन परत आला आहे. तुमची तक्रार "रूट नाही" अशी असली, तरी मुळात रूट येतोय आणि जातोय. ती तपासणी वेगळी, ती पायरी ७ मध्ये आहे.

इथे दोन सापळे आहेत. पहिला व्हीआरएफचा. एका राउटरमध्ये अनेक राउटिंग टेबलं असू शकतात आणि नुसतं 'शो आयपी रूट' फक्त मुख्य टेबल दाखवतं. ग्राहकाचा रूट त्याच्या व्हीआरएफमध्ये सुखाने बसलेला असतो आणि आपण दुसऱ्याच टेबलात तो शोधत बसतो. लिनक्सवरही असंच आहे: 'आयपी रूट शो' फक्त मुख्य टेबल दाखवतं, बाकीची टेबलं आणि ती कधी वापरायची याचे नियम 'आयपी रूल' मध्ये असतात.

दुसरा सापळा लांब प्रीफिक्सचा. पॅकेटसाठी रूट निवडताना राउटर सर्वांत आधी सर्वांत लांब जुळणारा मास्क घेतो. प्रोटोकॉल कोणता, डिस्टन्स किती, हे त्यापुढे गौण. तुमचा /१६ टेबलात व्यवस्थित असेल, पण कुणी १०.२०.५.०/२४ जाहीर केला असेल, तर १०.२०.५.९ कडे निघालेली पॅकेट त्या /२४ च्या मागे जातील. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातून यूट्यूबच्या /२२ मधला एक /२४ जाहीर झाला, तो जगभर पसरला आणि यूट्यूबची वाहतूक तिकडे वळली, ती याच नियमाने. म्हणून केवळ प्रीफिक्स शोधू नका. ज्या पत्त्याची तक्रार आहे तो पूर्ण पत्ता देऊन विचारा: 'शो आयपी रूट १०.२०.५.९'. लिनक्सवर 'आयपी रूट गेट १०.२०.५.९'.

३. स्टॅटिक रूट आधी तपासून मोकळे व्हा

स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, रूट कॉन्फिगरेशनमध्ये आहे, टेबलात नाही. कारण जवळपास नेहमी एकच: त्याचा नेक्स्ट हॉप राउटरला सापडत नाही, किंवा तो ज्या इंटरफेसवर आहे तो बंद आहे. नेक्स्ट हॉपचा पत्ता देऊन पुन्हा 'शो आयपी रूट' विचारा, उत्तर मिळेल.

उलटी अडचण जास्त त्रासाची. मध्ये स्विच असेल, तर पलीकडचा राउटर मेला तरी आपला इंटरफेस अपच राहतो. स्टॅटिक रूट टेबलात तसाच, आणि पॅकेट खड्ड्यात. त्यावर बीएफडी किंवा ट्रॅकिंग, म्हणजे पलीकडचा जिवंत आहे का हे सतत तपासणारी सोय, लावावी लागते. इथरनेटवर नेक्स्ट हॉप न देता नुसता इंटरफेस देऊन स्टॅटिक रूट लिहू नका. मग राउटर प्रत्येक दूरच्या पत्त्यासाठी एआरपी (या आयपी पत्त्याचा हार्डवेअर पत्ता कोणता, हा प्रश्न) विचारत बसतो आणि सगळा भार पलीकडच्याच्या प्रॉक्सी एआरपीवर, म्हणजे दुसऱ्यांच्या वतीने उत्तर देण्यावर, पडतो.

४. शेजाऱ्याशी बोलणं कुठवर आलंय ते बघा

आता डायनॅमिक प्रोटोकॉल. ओएसपीएफमध्ये 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' जी अवस्था दाखवतं, तीच निदान सांगते.

यादीत शेजारी मुळीच नाही: हॅलो (शेजाऱ्याशी ओळख करून देणारं छोटं पॅकेट) पोचत नाही, किंवा पोचल्यावर नाकारला जातो. हॅलोमधले एरिया क्रमांक, हॅलो आणि डेड टायमर, ऑथेंटिकेशन, स्टब एरियाचं चिन्ह आणि इथरनेटसारख्या लिंकवर सबनेट मास्क हे सगळं दोन्हीकडे तंतोतंत जुळावं लागतं. इथरनेटवर टायमर सहसा १० आणि ४० सेकंद असतात. इंटरफेस 'पॅसिव्ह' (हॅलो न पाठवणारा) केलाय का तेही बघा, ही चूक फार वेळा घडते. फायरवॉल मध्ये असेल तर ओएसपीएफ टीसीपी किंवा यूडीपीवर चालत नाही, तो आयपी प्रोटोकॉल ८९ आहे आणि हॅलो २२४.०.०.५ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात, हे फायरवॉलवाल्यांना स्पष्ट सांगा.

'इनिट' वर अडकलाय: त्याचा हॅलो आपल्याला ऐकू येतो, पण आपला त्याला ऐकू जात नाही. शोध एकाच दिशेने करा.

'टू-वे' वर थांबलाय: बऱ्याचदा यात काहीच चूक नसते. एका स्विचवर पाच राउटर असतील तर डीआर (सगळ्यांच्या वतीने माहिती वाटायला निवडलेला राउटर) आणि त्याचा राखीव बीडीआर सोडून बाकीचे आपसात टू-वेवरच राहतात. नवे लोक यावर अख्खी दुपार घालवतात.

'एक्सस्टार्ट' किंवा 'एक्स्चेंज' वर लटकलाय: दोन्ही बाजूंचा एमटीयू (पॅकेटचा सर्वांत मोठा आकार) वेगळा आहे, हा पहिला संशय. हॅलो छोटा असतो, तो जातो. डेटाबेसची देवाणघेवाण सुरू झाली की गाडी अडते. यावर 'एमटीयू-इग्नोर' नावाची कमांड आहे आणि ती दिली की नेबर लगेच फुल होतो. मी ती वापरू नका असंच सांगेन. एमटीयूचा घोळ तसाच राहतो, आणि नंतर मोठी पॅकेट गळायला लागली की तो शोधणं दसपट अवघड होतं. दोन्हीकडचा एमटीयू सारखा करा.

बीजीपीमध्ये सगळ्यात फसवा शब्द 'ॲक्टिव्ह'. नाव ऐकून सगळं ठीक वाटतं, पण त्याचा अर्थ राउटर अजून टीसीपी जोडणीच्या प्रयत्नात आहे. हवी असते ती 'एस्टॅब्लिश्ड' अवस्था, आणि ती आली की 'शो आयपी बीजीपी समरी' मध्ये शब्दाऐवजी आकडा दिसतो. ॲक्टिव्हवर अडकलं असेल तर शेजाऱ्याच्या पत्त्याकडे जाणारा रूट आहे का, टीसीपी पोर्ट १७९ मध्ये कुठे अडवलंय का, आणि लूपबॅकवरून (राउटरच्या आतल्या आभासी इंटरफेसवरून) सेशन असेल तर दोन्हीकडे 'अपडेट-सोर्स' दिलंय का ते बघा. बाहेरच्या एएसशी लूपबॅकवरून बोलत असाल तर 'ईबीजीपी-मल्टिहॉप' लागतं, कारण ईबीजीपीची (बाहेरच्या एएसशी चालणाऱ्या बीजीपीची) पॅकेट एरवी टीटीएल १ ने, म्हणजे एकाच टप्प्यापुरती, निघतात. सेशन क्षणभर वर येऊन पुन्हा पडत असेल, तर एएस क्रमांक चुकलाय का ते आधी बघा. लॉगमध्ये तसा स्पष्ट संदेश असतो.

५. ओएसपीएफ: फुल आहे, डेटाबेसमध्ये आहे, टेबलात नाही

ही ती रात्र.

मी राउटिंग टेबल आणि नेबर या दोनच गोष्टी बघत होतो. मधलं दार, म्हणजे ओएसपीएफचा डेटाबेस, मी उघडलंच नव्हतं. 'शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर' दिल्यावर पलीकडच्या राउटरची नोंद समोर आली. म्हणजे माहिती पोचली होती, दुसरं दार ओलांडलं होतं. आणि त्या नोंदीच्या माथ्यावरच लिहिलं होतं: 'ॲडव्ह राउटर इज नॉट-रीचेबल'. ज्याच्याशी मी फुल आहे, तोच राउटर माझ्या नकाशात पोचण्याजोगा नव्हता.

कारण असं. एका बाजूच्या इंटरफेसवर ओएसपीएफचा नेटवर्क प्रकार 'पॉइंट-टू-पॉइंट' होता, दुसऱ्या बाजूला मूळचा 'ब्रॉडकास्ट'. दोन्ही प्रकारांचे टायमर सिस्कोवर सारखेच, १० आणि ४०, त्यामुळे हॅलो जुळले आणि नेबर फुल झाला. पण आपली लिंक डेटाबेसमध्ये मांडताना एकाने लिहिलं "मी थेट त्या राउटरला जोडलेला आहे", दुसऱ्याने लिहिलं "मी एका सामायिक नेटवर्कला जोडलेला आहे". सर्वांत जवळची वाट काढताना ओएसपीएफ प्रत्येक जोडणी दोन्ही टोकांकडून पडताळतो. दोघांची साक्ष जुळली नाही, म्हणून त्याने ती जोडणी नकाशातून वगळली आणि तिच्या पलीकडचं सगळं पोचण्यापलीकडे गेलं.

खूण नेबरच्या यादीतही होती. एका राउटरवर 'फुल' च्या पुढे तिरकी रेघ आणि भूमिका लिहिलेली होती, दुसऱ्यावर तिरक्या रेघेनंतर नुसती आडवी रेघ. पॉइंट-टू-पॉइंट लिंकवर डीआर नसतो, म्हणून तिथे रेघ येते. दोन्हीकडे सारखंच दिसायला हवं. 'शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस' मध्ये नेटवर्क प्रकार बघितला, एक ओळ बदलली आणि काही सेकंदांत सगळे रूट आले.

डेटाबेसमध्ये आहे पण टेबलात नाही, याची आणखी कारणं:

एकच राउटर आयडी दोन राउटरना. कॉन्फिगरेशनची नक्कल करून नवा राउटर उभा केला की हे होतं. दोघं एकाच नावाने वेगवेगळ्या नोंदी पाठवतात, एकमेकांच्या नोंदी खोडतात, आणि रूट येत-जात राहतात.

बाहेरच्या रूटचा फॉरवर्डिंग पत्ता. ई१ किंवा ई२ रूटच्या नोंदीत हा पत्ता ०.०.०.० नसेल, तर तो पत्ता ओएसपीएफच्याच अंतर्गत रूटने सापडावा लागतो. तो स्टॅटिकने सापडत असेल तर भागत नाही, रूट बसत नाही.

'डिस्ट्रिब्यूट-लिस्ट इन'. ओएसपीएफमध्ये ही गाळणी नोंदी अडवत नाही, फक्त आपल्या राउटिंग टेबलात जाताना अडवते. म्हणजे डेटाबेस भरलेला, शेजाऱ्यांना माहिती पुढे जातेय, आणि नेमकं आपल्याच टेबलात काही नाही. कॉन्फिगरेशनमध्ये हा शब्द शोधाच.

डेटाबेसमध्येच नोंद नसेल तर मागे फिरा: पाठवणाऱ्याकडे जा. त्याच्या स्वतःच्या टेबलात तो रूट आहे का? दुसऱ्या प्रोटोकॉलमधून रूट आणताना, म्हणजे रीडिस्ट्रिब्यूट करताना, राउटिंग टेबलात बसलेला रूटच पुढे नेला जातो. जुन्या सिस्को सॉफ्टवेअरमध्ये 'रीडिस्ट्रिब्यूट' च्या ओळीत 'सबनेट्स' हा शब्द राहिला तर सबनेट केलेले रूट सरळ गाळले जातात. आणि 'डिफॉल्ट-इन्फर्मेशन ओरिजिनेट' देऊनही डिफॉल्ट रूट जात नसेल, तर त्या राउटरकडे स्वतःचा डिफॉल्ट आहे का बघा. नसेल तर पुढे 'ऑल्वेज' लागतं.

६. बीजीपी: आला, पण निवडला गेला नाही

समरीमध्ये आकडा शून्य असेल तर सेशन ठीक आहे, रूट एकही स्वीकारलेला नाही. आता दोन्ही टोकांचा ॲक्सेस कामी येतो. पलीकडे 'ॲडव्हर्टाइज्ड-रूट्स' बघा: तो पाठवतोय का? इकडे 'रिसीव्ह्ड-रूट्स' बघा: फिल्टरच्या आधी काय आलं? (सिस्कोवर त्यासाठी 'सॉफ्ट-रिकॉन्फिगरेशन इनबाउंड' आधी लावलेलं असावं लागतं.) मग 'रूट्स' बघा: फिल्टरनंतर काय उरलं? या तिन्हींत जिथे रूट गायब होतो, तिथे चूक आहे.

पलीकडे पाठवतच नसेल तर 'नेटवर्क' कमांडचा मास्क तपासा. १०.२०.०.०/१६ जाहीर कर म्हटलं आणि टेबलात फक्त १०.२०.१.०/२४ असेल, तर बीजीपी काहीच पाठवणार नाही. त्याला नेमका तोच प्रीफिक्स, तोच मास्क टेबलात लागतो. म्हणूनच लोक /१६ चा स्टॅटिक रूट 'नल०' (पॅकेट टाकून देणारा नावापुरता इंटरफेस) कडे टाकून ठेवतात.

इकडे येऊन गायब होत असेल तर:

पॉलिसीच, म्हणजे कोणते रूट घ्यायचे-द्यायचे याचा नियमच, नाही. २०१७ च्या आरएफसी ८२१२ या इंटरनेट मानकाप्रमाणे बाहेरच्या एएसबरोबर स्पष्ट पॉलिसी लावली नसेल तर रूट घ्यायचेही नाहीत आणि द्यायचेही नाहीत. एफआरआरच्या अलीकडच्या आवृत्त्या हे मूळातच पाळतात, आणि समरीमध्ये आकड्याच्या जागी 'पॉलिसी' हा शब्द दिसतो. जुन्या सवयीचे लोक इथे हमखास अडतात.

एएस पाथमध्ये स्वतःचाच एएस. दोन ठिकाणी एकच एएस वापरला आणि मध्ये दुसऱ्याचं नेटवर्क असलं, की आपलाच क्रमांक पाथमध्ये बघून राउटर तो रूट लूप समजून टाकून देतो, तोही गुपचूप.

आयबीजीपीचा, म्हणजे एकाच एएसच्या आतल्या बीजीपीचा, नियम. एका अंतर्गत शेजाऱ्याकडून शिकलेला रूट दुसऱ्या अंतर्गत शेजाऱ्याला सांगितला जात नाही. तीन राउटर एका रांगेत जोडले तर तिसऱ्याला कळतच नाही. सगळ्यांची सगळ्यांशी सेशन हवीत, नाहीतर रूट रिफ्लेक्टर, म्हणजे शिकलेले रूट बाकीच्यांना सांगणारा मधला राउटर.

आणि बीजीपीतली माझ्या मते सगळ्यांत जास्त भेटणारी अडचण: रूट टेबलात दिसतो, डावीकडे '*' (वैध) आहे, पण '>' नाही. म्हणजे रूट आला, पण सर्वांत चांगला म्हणून निवडला गेला नाही. उदाहरण घ्या: सीमेवरच्या राउटर अ ला २०३.०.११३.०/२४ हा रूट बाहेरच्या १९२.०.२.१ कडून मिळाला. अ ने तो आतल्या ब ला दिला. आयबीजीपी नेक्स्ट हॉप बदलत नाही, त्यामुळे ब कडेही नेक्स्ट हॉप १९२.०.२.१ च राहिला. ब ला त्या पत्त्याकडे जायची वाटच माहीत नाही. 'शो आयपी बीजीपी २०३.०.११३.०' दिलं की पत्त्याशेजारी 'इनॲक्सेसिबल' लिहिलेलं दिसतं. ज्युनिपरवर हा रूट लपवलेला असतो. 'शो रूट हिडन एक्स्टेन्सिव्ह' दिल्याशिवाय दिसतच नाही. उपाय: अ वर ब साठी 'नेक्स्ट-हॉप-सेल्फ'.

फिल्टर बदलल्यावर पूर्ण सेशन पाडू नका. 'क्लिअर' च्या पुढे 'सॉफ्ट' लावा; शेजारी रूट पुन्हा पाठवतो आणि सेशन पडत नाही.

७. चौथ्या दाराशी: कोण जिंकलं?

एकच प्रीफिक्स, एकच मास्क, पण दोन प्रोटोकॉलकडून आला. आता मेट्रिकची तुलना होत नाही, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सची होते आणि लहान आकडा जिंकतो. सिस्कोवर: थेट जोडलेलं ०, स्टॅटिक १, ईबीजीपी २०, ईआयजीआरपी ९०, ओएसपीएफ ११०, आयएस-आयएस ११५, रिप १२०, आयबीजीपी २००. आकडा २५५ असेल तर रूट कधीच बसत नाही. बीजीपीच्या यादीत 'r' सारखं लहान अक्षर, म्हणजे 'रिब-फेल्युअर', दिसलं की घाबरू नका. याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की तोच प्रीफिक्स जास्त भरवशाच्या उगमाकडून आधीच बसला आहे.

मिश्र नेटवर्कात काम करत असाल तर हे मनावर घ्या: ज्युनिपरवर हेच आकडे निराळे आहेत. स्टॅटिक ५, ओएसपीएफचे अंतर्गत रूट १०, बाहेरचे १५०, बीजीपी १७०. म्हणजे एकच प्रीफिक्स ईबीजीपी आणि ओएसपीएफ दोन्हींतून आला, तर सिस्को ईबीजीपीचा घेईल आणि ज्युनिपर ओएसपीएफचा. हा आकडा कुठल्याच पॅकेटमधून जात नाही, तो प्रत्येक राउटरचा स्वतःचा असतो. दोघं एकमेकांकडे बोट दाखवायला लागले की लूप तयार.

येणारे-जाणारे रूटही बऱ्याचदा इथलेच. जीआरई टनेलचं (दुसऱ्या नेटवर्कमधून काढलेल्या आभासी लिंकचं) उदाहरण पाहा. टनेल उभा राहिला, त्यावर ओएसपीएफ सुरू झाला, आणि टनेलच्या पलीकडच्या टोकाचा पत्ताच टनेलमधून शिकला गेला. राउटर म्हणतो, टनेलच्या टोकाला जायची वाट टनेलमधूनच आहे. तो टनेल पाडतो, रूट जातो, जुनी वाट परत येते, टनेल उभा राहतो, आणि हेच चक्र पुन्हा. लॉगमध्ये 'रिकर्सिव्ह राउटिंग' चा संदेश येतो. टनेलच्या टोकाचा पत्ता टनेलवरून जाहीर होऊ देऊ नका.

८. टेबलात आहे, तरी पॅकेट जात नाही

आता पाचवं दार. सिस्कोवर 'शो आयपी सेफ १०.२०.५.९', ज्युनिपरवर 'शो रूट फॉरवर्डिंग-टेबल'. एफआरआरमध्ये रूटच्या डावीकडे '>' म्हणजे निवडलेला आणि '*' म्हणजे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) उतरलेला. '>' आहे आणि '*' नाही, तर कर्नलने तो घेतलेला नाही. लिनक्सवर पॅकेट पुढे पाठवायची परवानगी, 'आयपी फॉरवर्ड', चालू आहे का हेही बघा. ती बंद असेल तर टेबल कितीही सुंदर असो, उपयोग नाही.

नेक्स्ट हॉपचा एआरपी 'इन्कम्प्लीट' असेल, तर राउटिंग सोडा आणि लेअर २ कडे (खालच्या लिंक आणि स्विचकडे) जा.

मोठ्या टेबलाच्या राउटरवर हार्डवेअरची जागा संपते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी इंटरनेटवरच्या आयपीव्ही४ रूटची संख्या ५१२ हजारांपलीकडे गेली, आणि मूळ सेटिंगमध्ये तेवढीच जागा राखलेले बरेच जुने राउटर अडखळले. बीजीपीचं टेबल पूर्ण आणि बरोबर होतं. हार्डवेअरच्या मेमरीत मात्र नवे रूट मावत नव्हते. लॉगमध्ये टीकॅम (हीच हार्डवेअर मेमरी) भरल्याचे संदेश आहेत का ते बघा.

सगळं बरोबर असूनही पिंग येत नसेल तर पलीकडच्या राउटरवर जाऊन परतीचा रूट तपासा. पिंग देताना 'सोर्स' पत्ता स्वतः द्या. न दिल्यास राउटर बाहेर जाणाऱ्या इंटरफेसचा पत्ता वापरतो, पलीकडे तो माहीत असतो, आणि तुमची परीक्षा खोटीच पास होते.

९. उठण्यापूर्वी तात्पुरता रूट काढा

शोध चालू असताना काम थांबू नये म्हणून कुणीतरी एक स्टॅटिक रूट टाकतं. टाकायला हरकत नाही. पण त्याचा डिस्टन्स १ आहे. मूळ चूक दुरुस्त झाली तरी ओएसपीएफचा रूट त्याच्या मागे दडून राहतो, आणि दुरुस्ती खरंच झाली की नाही हे कळत नाही. तो स्टॅटिक काढा, 'शो आयपी रूट' पुन्हा द्या, ओळीच्या सुरुवातीला अपेक्षित प्रोटोकॉलचं अक्षर आलंय का बघा. वय वाढतंय का बघण्यासाठी दहा मिनिटांनी तीच कमांड परत द्या. सुरू केलेली सगळी डीबग बंद करा, कॉन्फिगरेशन सेव्ह करा आणि दोन्ही टोकांचं आउटपुट तिकिटाला जोडा.